पगारी डोळे

गेल्या महिन्यात साकीनाक्याच्या एका क्रूइंग एजन्सीची जाहिरात आमच्या जुन्या पक्षीनिरीक्षकांच्या गटात फिरत आली. जहाजावरून देवमासे आणि समुद्रपक्षी मोजायला ‘अनुभवी निरीक्षक’ हवेत. अनुभव किमान पाच वर्षं, वय जास्तीत जास्त पस्तीस, करार तीन महिन्यांचा, समुद्रातल्या बचावाच्या प्रशिक्षणाचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. खाली बोरिवलीच्या एका पोरानं लिहिलं होतं, ‘काका, टाका अर्ज!’ काकांनी पस्तिशी ओलांडून जमाना लोटला, ते सोडा. पण ही नोकरी या देशात नोकरी म्हणून कधी नव्हतीच, मग पस्तिशीच्या आत पाच वर्षं समुद्र बघितलेला माणूस येणार कुठून? पेरणी कुणी केली नाही आणि कापणीची मात्र घाई! त्या दिवसापासून डोक्यात हिशेब घोळतोय, तो एकदाचा मांडून मोकळा होतो.

जुना इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण तो बहुतेक इतरांचाच आहे. १९४६मध्ये ब्रिटिश नौदलातल्या पक्षीवेड्यांनी आपली एक संस्था काढली आणि ‘सी स्वॅलो’ नावाच्या वार्षिकात बोटींवरून दिसलेल्या पक्ष्यांच्या नोंदी छापायला सुरुवात केली. त्याच वर्षी मुंबईत सरकारचं खोल समुद्रातल्या मासेमारीचं केंद्र सुरू झालं. त्याचंच १९८३मध्ये ‘फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया’ झालं, आणि मुख्यालय आजही मुंबईतच आहे. या सर्वेक्षणाची जहाजं वर्षानुवर्षं अरबी समुद्रात जाळी आणि गळ टाकत राहिली. पाण्याखाली काय आहे याचं उत्तर त्यांच्याकडे टनांत होतं. पाण्यावर काय आहे हा प्रश्न विचारायला तिथे कुणी नेमलेलंच नव्हतं.

साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम आली. अमेरिकी अध्यक्ष ट्रूमन यांची एकेकाळची यॉट ‘अँटन ब्रून’ या नावानं संशोधन जहाज बनून १९६३मध्ये मुंबईहून कामाला निघाली. त्याच मोहिमेत ब्रिटिश ‘डिस्कव्हरी’वरून रॉजर बेली यांनी पश्चिम हिंद महासागरातल्या पक्ष्यांच्या नोंदी घेतल्या आणि पुढे ‘आयबिस’ या नियतकालिकात छापल्या. आपल्या वाट्याला या मोहिमेतून १९६६मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आली. तिची मुंबई शाखा अंधेरीत चार बंगल्याला आहे. पाण्याचं तापमान, क्षार, प्लवक या सगळ्यांसाठी तिथे माणसं नेमली गेली. देवमाशांसाठी एकही जागा निघाली नाही.

या समुद्रात देवमासे शोधायला रीतसर पगार देऊन, अनुभव बघून माणसं आणली ती रशियनांनी. मोजायला नव्हे, मारायला. साठच्या दशकाच्या मध्यावर सोव्हिएत ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समोरच्या पाण्यात २४२ हंपबॅक देवमासे बेकायदा मारले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्यांची कागदपत्रं बाहेर आली, आणि अरबी समुद्रातल्या हंपबॅकविषयी आज जे कळतं त्यातलं बरंच त्या खुनाच्या वह्यांतून कळतं. वह्या चोख होत्या, कारण डोलकाठीवर बसवलेला माणूस पट्टीचा होता आणि उद्याही त्याच जागी बसणार होता. मला हा दाखला देताना लाज वाटते, पण दुसरा दाखला मिळत नाही.

ऐंशीचं आणि नव्वदचं दशक मी उडी मारून ओलांडतो. १९७९मध्ये हिंद महासागर देवमाशांचं अभयारण्य जाहीर झाला होता, १९८४मध्ये डेन्मार्कमध्ये बांधलेलं संशोधन जहाज ‘सागर संपदा’ आलं, आणि परिसंवादांतून ठराव होत राहिले. १९९५मध्ये अमेरिकेचं ‘माल्कम बाल्ड्रिज’ जहाज पश्चिम हिंद महासागरात देवमाशांची मोजणी करून गेलं. त्यावर नेमलेले निरीक्षक होते. आपण त्यांचा शोधनिबंध फोटोकॉपी करून वाचला.

आमचं दशक सुरू झालं ते २००३च्या पावसाळ्यानंतर. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी ‘सागर संपदा’च्या सफरींवर पहिल्यांदा चिकाटीनं माणूस बसवला. ऑक्टोबर २००३ ते फेब्रुवारी २००७ या काळात ३५ सफरी झाल्या, देवमासे आणि डॉल्फिनांच्या ४७३ नोंदी झाल्या. हे सगळं संधिसाधू सर्वेक्षण होतं. म्हणजे जहाज दुसऱ्याच कामाला निघालेलं. तुम्ही कोपऱ्यात उभं राहून दिसेल ते लिहायचं. तरीही ती आकडेवारी प्रसिद्ध झाली तेव्हा मुलुंड-भांडुपकडच्या आम्हा चार-पाच जणांना वाटलं, आता हे पोटापाण्याचं काम होणार. भांडुप पंपिंग स्टेशनच्या बंधाऱ्यावर ज्यांनी चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची सवय डोळ्यांना लावली होती, ती मुलं वेगवेगळ्या प्रकल्पांतून, वेगवेगळ्या जहाजांवर चढली. मीही चढलो. कुठल्या ते विचारू नका.

काम काय होतं, ते सांगायला हवं, कारण ‘दुर्बिणीतून बघायचं’ एवढंच लोकांना वाटतं. ब्रिजच्या डोक्यावरच्या उघड्या डेकला खलाशी मंकी आयलंड म्हणतात, तिथे उजाडल्यापासून मावळेपर्यंत उभं राहायचं. देवमाशाचा फवारा दिसला की जहाजाच्या नाकापासूनचा कोन फळीवर वाचायचा, दुर्बिणीतल्या रेघांवरून क्षितिजाखाली तो किती उतरला ते बघून अंतर काढायचं, वेळ, जागा, समुद्राची स्थिती लिहायची. पक्ष्यांसाठी जहाजाच्या एका बाजूचा तीनशे मीटरचा पट्टा. त्याबाहेरचा कितीही दुर्मीळ असला तरी मोजणीत धरायचा नाही. स्पर्म व्हेलचा फवारा झुडपासारखा आणि पुढे, डावीकडे कललेला. ब्राइड्स व्हेलच्या डोक्यावर तीन कंगोरे, पण ते दिसतात दोन सेकंद. काळपट शिअरवॉटर दोन जातींचे, फरक चोचीच्या रंगाचा आणि उडण्याच्या ढंगाचा, तोही उन्हाच्या तिरिपीत. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे काहीच न दिसलेला दिवस तितक्याच प्रामाणिकपणे लिहिणं. शून्यालाही किंमत असते, कारण किती वेळ बघितलं ते माहीत नसेल तर किती दिसले याला अर्थ नाही.

अमेरिकी सर्वेक्षणात तीन जण चाळीस-चाळीस मिनिटांनी जागा बदलतात. दोन तास पहारा, दोन तास विश्रांती. आमच्याकडे एकच माणूस, फार तर दोन. जेवायला खाली गेलो की समुद्र बंद. एका सफरीवर मुख्य शास्त्रज्ञ साहेबांनी मला विचारलं होतं, ‘याला वेगळा माणूस कशाला? खलाशी लिहितील की वहीत.’ साहेब आता निवृत्त आहेत, परिषदांत सागरी जैवविविधतेवर बोलतात. बोलोत बापडे.

खलाशांचं मात्र त्यांनी नकळत खरं सांगितलं होतं. रत्नागिरीकडचे एक सारंग माझ्या आधी फवारा बघायचे, नुसत्या डोळ्यांनी. मी चिडायचो. पुढे उमगलं की त्यांची नजर दैवी वगैरे नव्हती. त्यांची नोकरी कायम होती. एकाच समुद्रात, एकाच डेकवर वर्षामागून वर्षं उभं राहायची त्यांना मुभा होती, म्हातारपणी पेन्शन होती. आम्ही ‘प्रकल्प सहायक’. प्रकल्प संपला की सहायक संपला. नजर तयार व्हायला दोन-तीन हंगाम लागतात, आणि करार नेमका तेवढ्याचाच. नजर बसली की माणूस घरी. पुढच्या प्रकल्पाला नवा पोरगा, पुन्हा पहिल्यापासून उलट्या.

आमच्याच जमातीनंही कमी छळलं नाही. रविवारी येऊरला किंवा राष्ट्रीय उद्यानात जाणारी मंडळी म्हणायची, ‘समुद्रात काय, चार सुरय!’ हुमायून अब्दुलअलींनी चाळीसच्या दशकातच वेंगुर्ल्याच्या खडकांवरची सुरयांची वसाहत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये नोंदवली होती, याचा उल्लेख कुणी करत नसे. पावसाळ्यात वादळानं फेकलेला एखादा बूबी उपनगरातल्या गच्चीवर पडला की हेच लोक कॅमेरे घेऊन धावायचे. त्याच पावसाळ्यात खोल समुद्रावर काय चाललंय ते बघायला १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या बोटी मासेमारीबंदीमुळे किनाऱ्याला. म्हणजे वारा पक्षी आणतो तेव्हा बघणारा जमिनीवर.

पैसा होता तो तेलाच्या शोधात. समुद्रतळाचा वेध घेणारी जहाजं एअरगनचे धमाके करतात. यासाठी १९९५पासून ब्रिटिश नियमावली आहे. ती सांगते की धमाक्याआधी अर्धा तास, खोल पाण्यात तासभर, पाळत ठेवा. पाचशे मीटरच्या आत प्राणी दिसला तर थांबा. मग आवाज हळूहळू वाढवा. परदेशी जहाजं ही नियमावली सोबत आणत, आणि निरीक्षकही. आमच्यातले काही तिकडे गेले, डॉलरमध्ये कमावलं. पण गोम अशी की ज्याचं काम थांबवायचं, त्याच्याच साखळीतून तुमचा पगार यायचा. थांबवलेला प्रत्येक तास महाग. फार वेळा हात वर करणाऱ्याला पुढच्या करारासाठी फोन येत नसे. कारण कुणी सांगत नसे, विचारायची गरजही नसे.

दशक संपता संपता पांगापांग झाली. मुलुंडचा एक जण विम्यात गेला. घाटकोपरची एक मुलगी, आमच्यात सर्वांत तीक्ष्ण नजरेची, आज शाळेत विज्ञान शिकवते. एक जण परदेशी जहाजांवर गेला तो तिकडचाच झाला.

आणि मग देवमासे स्वतःच दारात यायला लागले. २०१५च्या उन्हाळ्यात कोकण सिटेशियन रिसर्च टीमला कुणकेश्वरच्या समुद्रात निळे देवमासे दिसले, तेही छोट्या बोटीतून. त्याच जूनमध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. जानेवारी २०१६मध्ये जुहूला ब्राइड्स व्हेलचं धूड आलं आणि अंधेरीच्या निम्म्या जनतेनं त्याच्यासोबत फोटो काढले. नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याला किनाऱ्यावर अडकलेलं देवमाशाचं पिल्लू लोकांनी जिवाच्या आकांतानं पाण्यात ढकललं, ते वाचलं नाही. कुणकेश्वरनंतर बातम्यांत ‘शंभर वर्षांनी निळा देवमासा’ असं छापून आलं होतं. शंभर वर्षं तो आला नाही की शंभर वर्षं आपण बघितलं नाही, हे एकाही मथळ्यात नव्हतं. २०१७च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रह-पट्टी लावलेली लुबान नावाची हंपबॅक मादी आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत उतरत मन्नारच्या आखातापर्यंत गेली. ते उपग्रहानं सांगितलं. कुठल्या डेकवरून कुणी सांगितलं नाही.

माझ्या घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात देवमाशाची आठवण निघते ती वेगळ्याच निमित्तानं. जून २०१९मध्ये विद्याविहारला एका माणसाकडून सुमारे १.३ किलो अंबरग्रीस पकडलं, किंमत पावणेदोन कोटींच्या घरात. स्पर्म व्हेलच्या पोटातल्या या गोळ्याचा किलोचा भाव पाठ असलेलं हे शहर, पण समोरच्या समुद्रात स्पर्म व्हेल किती आहेत याचा आकडा मंत्रालयापासून साकीनाक्यापर्यंत कुणाला विचारा.

आता मोजणी सुरू झालीय, हे कबूल. कारण मात्र कोळंबी आहे. अमेरिकेनं २०१६मध्ये नियम काढला: सागरी सस्तन प्राण्यांना धक्का लावणाऱ्या मासेमारीचा माल घेणार नाही, तुमच्याकडे ते किती आहेत ते दाखवा. मुदत पाच वर्षांची होती, ती पुढे ढकलत ढकलत २०२५च्या अखेरीवर आली. जाळ्यात अडकणाऱ्या कासवांवरून समुद्रात पकडलेल्या कोळंबीची अमेरिकेतली दारं २०१९लाच बंद झालेली, त्यामुळे यावेळी धावपळ खरी झाली. २०२१पासून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि फिशरी सर्व्हे मिळून सस्तन प्राण्यांची गणना करताहेत. आनंद आहे. ठाण्याच्या खाडीतल्या रोहितांनाही मोजणारे मिळाले ते शिवडी-न्हावाशेवा पुलामुळे. आपल्याकडे प्राणी मोजायचा तर आधी पूल तरी बांधावा लागतो, नाहीतर कुणी माल तरी नाकारावा लागतो.

पण एकदा केलेली गणना म्हणजे नुसता फोटो. देवमासे वाढले की घटले, हे दहा वर्षांनी विचाराल तेव्हा तीच रीत आणि तशाच तयारीचे डोळे लागतील. स्पर्म व्हेल पाऊण तास पाण्याखाली राहू शकतो, तोवर जहाज पुढे गेलेलं असतं; किती निसटले याचा अंदाज गणितानं काढता येतो, पण त्या गणिताला बघणाऱ्याची कुवत ठाऊक असावी लागते. दर तीन महिन्यांनी माणूस बदलला तर आकडा समुद्राचा आहे की माणसाचा, हे सांगता येणार नाही. आता कॅमेरा आणि पाण्याखालचे माइक येणार, असं ऐकतो. येऊ देत. कॅमेऱ्याला ब्राइड्सचे कंगोरे शिकवायलाही कुणीतरी ते ओळखणारा लागेलच.

म्हणून मागणी साधी आहे. फिशरी सर्व्हेच्या आणि मोठ्या संशोधन जहाजांच्या आस्थापनेत निरीक्षकांच्या कायम जागा काढा, जहाजामागे निदान दोन. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१पासून उभी आहे. तिथे एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू करा आणि शिकवायला त्या घाटकोपरच्या बाईंना बोलवा. मोठ्या जहाजाच्या एका दिवसाच्या इंधनात दोघांचे कित्येक महिन्यांचे पगार निघतात, तेव्हा पैशाचं कारण कुणी देऊ नये. एवढं झालं तर पस्तिशीतला, पाच वर्षांच्या अनुभवाचा माणूस २०३५पर्यंत नक्की मिळेल. नाहीतर तेव्हाही पुढची मुदत जवळ आली की कुणीतरी तीन महिन्यांसाठी अनुभव भाड्यानं मागत फिरेल.