मारका वळू आणि विजेची तार

दावणीचा बैल मारका निघाला की घरातल्या सर्वांच्या जिवाला घोर लागतो. त्याचा राग बटण दाबून थांबविता आला तर? १९६३ साली स्पेनमधील कॉर्डोबा येथे हा प्रयोग झाला.

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक डॉ. होजे डेल्गादो यांनी एका वळूच्या मेंदूत बारीक तारा बसवून त्या बिनतारी यंत्राला जोडल्या. मग ते स्वतः रिंगणात उभे राहिले. वळू शिंगे रोखून धावत आला. त्यांनी हातातील यंत्राचे बटण दाबताच तो काही पावलांवर थबकला!

१९६५ साली वृत्तपत्रांतून ही हकिकत जगभर गेली. परंतु वळूचा राग खरोखरच शमला होता काय? मेंदूच्या ज्या भागाला वीज दिली, तो हालचालींशी संबंधित आहे. म्हणून वळूची चाल अडली, स्वभाव बदलला नाही, असा आक्षेप वॅलेनस्टाइन या शास्त्रज्ञाने १९७३ साली घेतला. आम्हालाही तो पटतो. मेंदूला वीज देण्याचा खरा उपयोग पुढे माणसांना झाला. कंपवाताच्या काही रोग्यांची थरथर आज अशाच उपचाराने कमी होते.

मग आपण काय घ्यावे? परमेश्वराने जनावरे आपल्या हवाली केली, ती सांभाळण्यासाठी. बैल माणसाळतो तो रोजच्या ओळखीच्या हाताने, वेळेवरच्या वैरणपाण्याने. पराणी टोचून तो भितो, आणि भ्यालेले जनावरच मारते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वागणे मेंदूच्या हाती असते; म्हणून शांत जनावर एकाएकी बदलले तर रोगाचा संशय घ्यावा. गाय अकारण अंगावर येते, आवाज घोगरा होतो, लाळ गळते, गिळता येत नाही, ही पिसाळ रोगाची लक्षणे असू शकतात. कुत्रे चावल्यावर कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही ती दिसतात. घशात काही अडकले असे समजून तोंडात हात मुळीच घालू नये. जनावर वेगळे बांधावे, पशुवैद्यांना बोलवावे, त्याचे दूध वापरू नये. लाळ जखमेला लागली असेल तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून बहुधा कोणी वाचत नाही.

घरच्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घेण्यास विसरू नये.