‘काय खाल्लंत?’ असे विचारण्याआधी

मधुमेहाच्या ओपीडीत तपासणीआधीच्या दोन दिवसांना वेगळेच महत्त्व असते. एरवी दोन्ही वेळा भात खाणारी मंडळी या दोन दिवसांत अर्धी भाकरी आणि कारल्याच्या रसावर राहतात. महिनाभर घराबाहेर न पडलेले पहाटे फिरायला निघतात. काही जण तर रात्रीचे जेवणच सोडतात. उपाशीपोटीच्या साखरेचा आकडा बरा यावा, एवढाच हेतू. आजार आटोक्यात यावा यापेक्षा बोलणी बसू नयेत, ही इच्छा मोठी असते.

यावर हसू येते, पण हा खेळ महागात पडू शकतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळले, तर साखर ७०च्या खाली घसरू शकते. दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि वेळेवर साखर पोटात गेली नाही तर शुद्धही हरपते. दुसरीकडे, त्या दिवसाचा आकडा चांगला दिसला म्हणून तीच औषधे पुढे लिहून दिली जातात आणि डोळ्यांच्या पडद्याचे, मूत्रपिंडांचे नुकसान मुकाट्याने चालू राहते.

एचबीएवनसी ही तपासणी मात्र दोन दिवसांच्या उपवासाने फसत नाही. रक्तातील साखर लाल पेशींमधील हिमोग्लोबिनला चिकटते. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब तिच्यात उतरतो. हा अहवाल हाती आला, की रुग्णाचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा होतो. टेबलाच्या पलीकडे बसलेला डॉक्टरही पुष्कळदा फौजदारासारखाच बोलतो.

‘गोड खाल्लं असणार’, ‘ऐकतच नाहीत’, ‘स्वतःची काळजीच नाही’. डॉक्टर, परिचारिका, घरची सून, शेजारीपाजारी, सगळ्यांचे मत एका आकड्यावरून बनते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या घाईला ‘फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर’ असे नाव दिले. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, त्याच्या परिस्थितीकडे पाहतच नाही. गंमत अशी, की जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूर येथील लोकांची तुलना केली, तेव्हा म्हैसूरचे प्रौढ इतरांच्या वागण्याची कारणे सांगताना परिस्थितीचा उल्लेख अमेरिकनांपेक्षा बराच अधिक करत होते. म्हणजे हे आपल्याला जमते. शेजाऱ्याच्या मुलाची नोकरी गेली, तर आपण त्याची कंपनी, घर, दिवस सगळे लक्षात घेतो. साखर वाढली की मात्र फक्त त्या माणसाची जीभ दिसते.

परिस्थिती म्हणजे काय, हे एका साध्या गोळीवरून कळते. मेटफॉर्मिन सुरू केल्यावर अनेकांना पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. दिवसभर हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बाईला जवळपास स्वच्छतागृह नसेल, तर ती सकाळची गोळी टाळणारच. केसपेपरवर नोंद होते, ‘औषधे नियमित घेत नाही’. रात्रपाळीचा वॉचमन इन्सुलिन चुकवतो, कारण डबा कधी खायला मिळेल याचा भरवसा नाही आणि मागे एकदा त्याला गेटवरच चक्कर आलेली असते. त्याला निष्काळजी म्हणतात. खरे तर तो सावध असतो. चुकीच्या जागी, पण सावध.

आजार मुळात झाला कसा, यातही माणसाच्या हातात नसलेले पुष्कळ असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन होते २.७ किलो, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान आणि स्नायूंनी कमी भरली, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार, असा हा देह पुढे मधुमेहाला लवकर बळी पडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. एवढ्या सगळ्यांचा संयम एकदम सुटला, असे मानणे कठीण आहे.

याचा अर्थ खाण्यापिण्याला महत्त्व नाही असा नव्हे. साखर २८० असेल तर ती २८०च आहे आणि ती खाली आणलीच पाहिजे. आकडा झाकायचा नाही; आकड्यावरून माणसाची किंमत करायची नाही, इतकेच.

सर्वांत कडक न्यायाधीश पुष्कळदा रुग्ण स्वतःच असतो. लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या, की ‘माझ्याच्याने होणारच नाही’ असे मनाशी ठरते. मग संध्याकाळी आइस्क्रीम, दुसऱ्या दिवशी चालणे बंद, आणि आठवडाभर ग्लुकोमीटर कपाटात. क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी पडतो. त्यांनी महाविद्यालयीन तरुणींना डोनट खायला दिले. काहींना सोबत दोन शब्द सांगितले, की असे पदार्थ सगळेच कधीतरी खातात, स्वतःला बोल लावू नका. नंतर सर्वांपुढे गोळ्या-चॉकलेटे ठेवली. खाण्याबाबत एरवी स्वतःवर कडक बंधने घालणाऱ्या तरुणींपैकी ज्यांना हे शब्द ऐकायला मिळाले, त्यांनी ती कमी खाल्ली. प्रयोग लहान होता आणि त्या मधुमेही नव्हत्या, हे खरे. पण स्वतःला सूट दिली तर माणूस सुटतोच, ही आपली पक्की समजूत त्यात टिकली नाही.

दोन जिलब्यांचा उपाय साधा आहे. पुढचे जेवण नेहमीचे, गोळी नेहमीच्या वेळी, संध्याकाळी अर्धा तास चालणे आणि जमल्यास वहीत एक ओळ: लग्न, जिलबी दोन, साखर इतकी. त्या ओळीत ‘मूर्खपणा’ हा शब्द नको.

इतरांशी बोलतानाही शब्दांनी फरक पडतो. क्षयाचे उपचार अर्धवट सोडणाऱ्यासाठी पूर्वी ‘डिफॉल्टर’ हा कर्जबुडव्याचा शब्द वापरत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तो काढला आणि ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ अशा अर्थाचा शब्द आणला. म्हणजे शोध घेण्याची जबाबदारी यंत्रणेकडेही आली. मधुमेहात ‘गोळ्या नीट घेता ना?’ या प्रश्नाला उत्तर ठरलेले असते: ‘हो.’ त्याऐवजी ‘बऱ्याच जणांच्या गोळ्या राहतात, मावशी, गेल्या पंधरा दिवसांत तुमच्या किती राहिल्या?’ असे विचारले, तर आकडा मिळतो. कधी पाच, कधी आठ. मागोमाग जुलाबाची गोष्टही निघते आणि मग गोळी जेवणानंतर घ्यायला सांगता येते, डोस कमी करून हळूहळू वाढवता येतो किंवा सावकाश विरघळणारी गोळी लिहून देता येते.