मेमरी कार्ड उघडत नाही? फॉरमॅट करू नका!

दुकानातला जुना संगणक बदलला, मालाच्या नमुन्यांचे फोटो आणि उधारीचा हिशेब असलेले मेमरी कार्ड नव्यात घातले, तर पडद्यावर 'फॉरमॅट करा' अशी सूचना येते. आम्ही व्यापारी घाईने 'होय' दाबतो आणि तिथेच घात होतो. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये कार्डावर सर्वत्र शून्ये लिहिली जातात. मग काहीच हाती लागत नाही.

प्रथम दुसरा रीडर वापरून पाहावा. जुने रीडर बहुधा ३२ जीबीपर्यंतचीच कार्डे वाचतात. जुन्या संगणकात कार्ड उघडत असेल तर फायली तिथूनच उतरवून घ्याव्यात. बिटलॉकरचे कुलूप असेल तर पासवर्ड किंवा ४८ आकडी किल्ली लागते. तिच्यावाचून दुरुस्तीवालाही हतबल असतो. मोबाईलने अंतर्गत साठ्यात सामील केलेले कार्ड त्याच मोबाईलमध्ये उघडते.

यांपैकी काहीच नसेल, तर कार्डाच्या कडेची कळ 'लॉक'कडे सरकवावी, म्हणजे त्यावर नवे काही लिहिले जाणार नाही. मग फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवावे. सापडलेल्या फायली त्याच कार्डावर नव्हे, संगणकाच्या डिस्कवर घ्याव्यात. फायलींची जुनी नावे बहुधा परत मिळत नाहीत, तेव्हा एकेक उघडून पाहण्याचा सब्र ठेवावा.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. लिहिलेले जपणे हीही अमानतच. म्हणून हिशेबाची नक्कल नेहमी दोन ठिकाणी ठेवावी, इन्शाअल्लाह नुकसान टळेल.