आईचे पत्र आणि एक मत

अमेरिकन स्त्रीला सारे हक्क जणू पाळण्यातच मिळाले, असा आपल्याकडे एक रूढ समज आहे. पंडिता रमाबाईंचे १८८९ साली प्रसिद्ध झालेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ शिकवताना विद्यार्थ्यांच्या बोलण्यातही तो मला नेहमी आढळतो. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो समारंभ पाहण्यासाठी रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या. तिथल्या बायकांनी उभारलेल्या संस्था पाहून त्यांना मोठे कौतुक वाटले. पण गंमत पाहा, एवढ्या संस्था चालविणाऱ्या या बायकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार तेव्हा एकाही राज्यात नव्हता!

तो मागायला सुरुवात झाली १८४८ साली. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स या लहानशा गावी जुलैमध्ये परिषद भरली. एलिझाबेथ कॅडी स्टँटन या गृहिणीने मताधिकाराचा ठराव मांडला, तेव्हा तिच्या जवळच्या मैत्रिणीही बिचकल्या. लोक हसतील, अशी त्यांना धास्ती. गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस पाठिंब्याला उभे राहिले आणि ठराव तरला. जाहीरनाम्यावर ६८ स्त्रियांनी आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या.

पुढे १८७२ च्या नोव्हेंबरात सुसान अँथनी या अविवाहित शिक्षिकेने रॉचेस्टर शहरात सरळ जाऊन मत टाकले. खटला झाला. न्यायाधीशांनी ज्यूरीला विचारविनिमयाची संधीच न देता तिला दोषी ठरवायला लावले. शंभर डॉलर दंड झाला. त्यातला एकही डॉलर देणार नाही, असे बाईंनी भर कोर्टात सांगितले, आणि १९०६ साली मृत्यू येईपर्यंत तो दिला नाही!

घटनादुरुस्ती अखेर १९१९ साली काँग्रेसने मंजूर केली. आता ४८ पैकी ३६ राज्यांची संमती हवी होती. पस्तीस मिळाली, छत्तिसावे टेनेसी. तिथल्या विधानसभेत १९२० च्या ऑगस्टमध्ये मते समसमान पडू लागली. बाजू ओळखायची खूणही ठरली होती: पिवळे गुलाब बाजूचे, तांबडे विरोधाचे. हॅरी बर्न या अवघ्या चोवीस वर्षांच्या सभासदाच्या कोटावर तांबडे फूल होते. पण खिशात होते आईचे पत्र! फेब बर्न ही खेड्यात शेती सांभाळणारी, नित्य वर्तमानपत्र वाचणारी विधवा. घरच्या चार गोष्टींबरोबर तिने लिहिले होते, की बाळा, शहाण्यासारखा वाग आणि बायकांच्या बाजूने मत दे. १८ ऑगस्टला नाव पुकारले गेले आणि हॅरीने ‘होय’ म्हटले. दुसऱ्या दिवशी त्याने कारणेही सांगितली. त्यांत एक असे, की आईचा सल्ला मुलाने मानलेला बरा.

आईची ही गोष्ट कोणालाही आवडेल. पण कोर्टात, सभांत, रस्त्यांवर बायकांनी बहात्तर वर्षे खपून प्रश्न त्या एका मतापर्यंत आणून ठेवला नसता, तर त्या पत्राने काय साधले असते?

आणि एवढ्यावर सारे संपलेही नाही. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या स्त्रीला कागदावर हक्क मिळाला. पण परीक्षा, कर आणि दहशत यांच्या आडकाठ्या तिच्यापुढे उभ्या राहिल्या. १९६२ साली मिसिसिपीत फॅनी लू हेमर मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, म्हणून अठरा वर्षे जिथे राबली त्या मळ्यावरून तिला घालवून दिले. १९६४ साली तिने आपली कहाणी दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाला ऐकविली. मतदान हक्काचा कायदा झाला १९६५ साली. भारतातल्या स्त्रिया तोवर तीन सार्वत्रिक निवडणुकांत मत देऊन आल्या होत्या!

आपल्या हाती हा हक्क घटनेबरोबरच आला. म्हणूनच मतदानाच्या दिवशी ‘कंटाळा आला’ म्हणून घरी बसण्यापूर्वी, शंभर डॉलरांचा दंड न भरणारी ती बाई एकदा आठवावी.