बॅटरी मेली, हत्यार जिवंत आहे!

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करण्याचा परिपाठ आम्हां बेळगावकर मराठी घरांतून अद्याप सुटलेला नाही. गेल्या वर्षी आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या सुतारकामाच्या शेडमध्ये पूजेला जाण्याचा योग आला. रंधा, पटाशी, करवत, गिरमिट यांच्या पंक्तीत एक बॅटरीवरचे ड्रिलही हळदकुंकू लेऊन बसले होते. आम्ही कौतुकाने हात लावला, तेव्हा तो खिन्नपणे म्हणाला, ‘‘सर, ते आता पूजेपुरतंच उरलंय.’’

यंत्र धडधाकट होते, मेली होती ती बॅटरी. नव्या बॅटरीची किंमत जवळजवळ नव्या ड्रिलइतकी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच! त्यावर त्याने योजलेला उपाय ऐकून मात्र आमच्या अंगावर काटा आला. मध्ये एक डायोड घालून तो भिंतीतील प्लगमधून थेट तार ड्रिलला जोडणार होता.

वाचकहो, हा उपाय नव्हे, अपघाताला आमंत्रण आहे. त्या जुन्या बॅटरीत निकेल-कॅडमियमचे दहा घट होते. प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे एकूण १२ व्होल्ट. घरातील वीज २३० व्होल्टची, सुमारे एकोणीसपट! डायोड विजेची दिशा एक करतो, तिचा दाब उतरवीत नाही आणि तिच्यापासून माणसाला वेगळेही ठेवीत नाही. मोटार जळेलच, परंतु मूठ धरणारा हातही वाचेल याची शाश्वती नाही.

आमचा विषय मराठी. म्हणून आम्ही त्याला आमच्या शाळेच्या विज्ञानशिक्षकांकडे नेले. त्यांनी सांगितलेले गणित सोपे होते. दाब बारा व्होल्टच हवा, पण प्रवाह भरपूर हवा. मोकळे फिरताना असे ड्रिल दोन-तीन अँपिअर घेते. सागवानात शिरताना हाच आकडा पंधरा-वीसवर जातो, आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याहूनही वर. म्हणूनच लहान अडॅप्टर जोडला, तर ड्रिल नुसते आचके देते.

दिव्यांच्या पट्ट्यांसाठी बाजारात मिळणारा १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा वीजपुरवठा-संच त्यांनी सुचविला. त्याच्या आतील ट्रान्सफॉर्मर घरातील विजेला ड्रिलपासून अलग ठेवतो. बॅटरीच्या खोक्यातील मृत घट काढून त्याच रिकाम्या खोक्यातून तारा आत नेल्या. त्यामुळे ड्रिलला कोठेही छेद द्यावा लागला नाही. धन-ऋण टोके पारखून घेतली, १२ व्होल्टच्या तारेत ३० अँपिअरचा फ्यूज घातला आणि संचाच्या धातूच्या पेटीला अर्थिंग दिले.

तारेचा प्रश्न वरवर क्षुल्लक, पण अर्धे यश त्यातच आहे. २.५ चौरस मिलिमीटरची दोन मीटर तांब्याची तार जाऊन-येऊन चार मीटर होते; वीस अँपिअरला तिच्यात सुमारे ०.६ व्होल्ट खर्ची पडतो. बारीक ०.७५ ची तार घेतली, तर तब्बल दोन व्होल्ट वाटेतच गळतात. ड्रिल मंदावते, तार तापते. कमी दाबाच्या विजेला जाड आणि आखूड वाट लागते.

लिथियमच्या नव्या बॅटऱ्यांची गोष्ट निराळी. १८ व्होल्टच्या बॅटरीत सामान्यतः पाच घट ओळीने असतात आणि पूर्ण भरल्यावर त्यांचा दाब २१ व्होल्टपर्यंत जातो. काही हत्यारे बॅटरीतील इलेक्ट्रॉनिक्सची खूण पटल्याखेरीज चालतही नाहीत. घट फुटला किंवा त्याची टोके एकमेकांस भिडली, तर आग लागते. तेव्हा लिथियमची बॅटरी घरी उघडू नये, हे निक्षून सांगतो. कॅडमियमही विषारीच. मृत घट कचऱ्यात न टाकता संकलन केंद्रात द्यावेत; २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

नवे हत्यार घ्यायचे असेल आणि काम एकाच जागी असेल, तर सरळ तारेचे ड्रिल घ्यावे. ते स्वस्तही असते आणि दणकटही. ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये बॅटरीचे ड्रिल आणले आणि १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी बॅटरीवरच्याच ड्रिलने चंद्राची भूमी खोदली. तेथे बॅटरी हवीच होती, कारण चंद्रावर प्लग नव्हता! सुताराच्या बाकाशेजारी तो आहे.

हा सारा खर्च नव्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी आला. शिडीवर चढून करायच्या कामाला ते ड्रिल आता निरुपयोगी, हे खरे. बाकावर मात्र ते दिवसभर न थकता चालते. परवा आम्ही सहज त्या बाजूला गेलो, तेव्हा दारातूनच त्याचा आवाज कानी आला. यंदाच्या खंडेनवमीला ते पंक्तीत बसेल, ते हक्काने.