ढलप्या वर की आत?

मे महिन्यात डोंबिवलीत पावसाळ्याआधीची छाटणी सुरू होते. एमआयडीसीच्या निवासी भागात बंगल्यांच्या कुंपणाबाहेर गुलमोहर, सोनमोहर, बदाम यांच्या फांद्यांचे ढीग लागतात आणि गाडीत भरून निघून जातात. दरवर्षी मला हळहळ वाटते. या फांद्यांच्या ढलप्या बागेत पसरा म्हटलं, की बहुतेक जण म्हणतात, "नको हो, ओलं लाकूड मातीचा कस खातं."

हा समज चिवट आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. लाकडात नत्राच्या एका भागामागे कार्बनचे काही शे भाग असतात. कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला मानवतं ते साधारण 25 ते 30 भागांचं प्रमाण. कमी पडणारं नत्र ते आजूबाजूच्या मातीतून उचलतात आणि रोपं पिवळी पडतात. मात्र हे घडतं ते ढलप्या किंवा वखारीतला भुसा मातीत कालवल्यावर. नुसत्या वर पसरल्या, तर ही ओढाताण लाकूड मातीला टेकतं तेवढ्या पातळ थरात होते. जास्वंद, कढीपत्ता, लिंबू यांची मुळं त्याच्या खाली असतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी या विषयावर पुष्कळ लिहिलं आहे, आणि त्यांचंही म्हणणं हेच आहे. त्यामुळे ढलप्या वर्षभर मुरवायची गरज नाही. फक्त मोठा ढीग आतून तापतो, म्हणून तो लवकर पसरावा.

मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात मात्र ढलप्या नकोत. तिथे बी आणि मुळं दोन्ही वरच्याच थरात असतात. निलगिरी किंवा सुबाभळीच्या ढलप्यांची भीतीही कोवळ्या रोपांपुरतीच खरी; रुजलेल्या झाडाभोवती त्या चालतात.

वाळवीचं काय? ती आपल्या जमिनीत आधीपासूनच आहे आणि मेलेलं लाकूड तिचं अन्नच आहे. ढलप्यांकडे ती फिरकणारच नाही, असं मी म्हणणार नाही. पण चुरलेल्या लाकडातून अख्खं वारूळ घरी येणं अवघड. भिंतीपासून वीतभर आणि खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवावी. खोडाला टेकलेला ओला थर साल कुजवतो, आणि हे नुकसान वाळवीइतकंच खरं आहे.

जुलैत थरावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात. त्या मेलेल्या लाकडावर जगतात, झाडाला काही करत नाहीत. लहान मुलं तोंडात घालतील म्हणून उपटाव्यात, एवढंच. वर पसरलेल्या ढलप्यांनी माती आंबट होते, हीही भीती अनाठायी.

खरा त्रास गोगलगायींचा. आफ्रिकन शंखी गोगलगायी पावसाळ्यात या ओलाव्यात दिवसा दडतात. रात्री बॅटरी घेऊन त्या वेचाव्या लागतात, आणि हातमोजे घालूनच. हे कष्ट मला टाळता आलेले नाहीत.

ठाण्याच्या भातशेतीत फांद्या शेतात आणणं पूर्वापार आहे. राबासाठी फांद्या, पाला आणि शेण रोपांच्या जागी पसरून उन्हाळ्यात भाजतात. त्याने तण मरतं आणि राख मिळते. घरच्या बागेत जाळायचं कारण नाही. आपल्याकडचा धो धो पाऊस उघड्या मातीवर आदळतो, चिखल पानांवर उडवतो, आणि ऊन पडलं की वर कडक पापुद्रा धरतो. ढलप्या तो मार झेलतात आणि मे महिन्यात ओल टिकवतात. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीत बीजामृत, जीवामृत आणि वाफशाबरोबर आच्छादनाला स्थान आहे, ते याच कामासाठी.

जमिनीवर तीन-चार इंचांचा थर द्यावा; कुंडीत एक इंच पुरे, नाहीतर पाणी कुठवर मुरलं ते कळत नाही. यंत्र नसेल तर कोयत्याने बोटाएवढे तुकडे करावेत. सुतारकामातला प्लायवूड-एमडीएफचा भुसा मात्र घेऊ नये, त्यात डिंकाची रसायनं असतात. खत घालताना थर बाजूला सारावा, खत मातीवर द्यावं आणि थर पुन्हा ओढून घ्यावा. ऑक्टोबरच्या उन्हात तो सारून बघा, खालची माती हाताला गार लागते.