आडवं ठेवलेलं आसन

आमच्या दिवाणखान्यात खिडकीखाली एक लाकडी आसन आहे. खाली सपाट पाया, मधे कोरीव जाळीचा खांब, वर होडीसारखी दबलेली बैठक. ते कायम आडवं पडलेलं असतं. कामाच्या मावशी केर काढताना ते न चुकता उभं करतात आणि त्या गेल्या की मी न चुकता पुन्हा आडवं करतो. ही झटापट गेली अकरा वर्षं चालू आहे. ‘वस्तू पडलेली बरी दिसत नाही, काका,’ हे त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण ते सांगायला लागलो तर केर तसाच राहील.

हे आसन मी घानातल्या आहवियाहून आणलं. कुमासी शहरातून मांपोंगच्या रस्त्याला लागलं की हे कोरीवकाम करणाऱ्यांचं गाव लागतं. अख्खं आसन एकाच ओंडक्यातून काढतात, सांधा नाही, खिळा नाही. ‘सेसे’ नावाचं पांढुरकं, हलकं लाकूड असतं. आपल्या सुताराच्या वाकसासारखं हत्यार घेऊन म्हातारा कारागीर दोन पायांच्या बेचक्यात लाकूड धरून तासत बसला होता. पैसे दिल्यावर त्यानं बजावलं, उठलात की आडवं करून ठेवायचं. रिकाम्या आसनावर भलतंच कोणी येऊन बसतं. मला एकदम आजी आठवली. रिकामा पाळणा हलवला की ती अशीच ओरडायची.

कंपनीच्या कामासाठी मी तीन वर्षं अक्राला होतो. तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात माझं बारसं झालं. अकान लोकांत जन्मवारावरून नाव मिळतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वासी. माझा जन्म मंगळवारचा, म्हणून मी क्वाबेना. आणि हे नुसत्या माणसांपुरतं नाही. असांते राज्याचं जे सुवर्णासन आहे त्याचं नाव ‘सिका द्वा कोफी’, म्हणजे शुक्रवारी जन्मलेलं सोन्याचं आसन. आसनाला जन्मवार आहे हे कळलं त्या दिवसापासून मी जो नादाला लागलो तो अजून सुटलो नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. १४८२ साली पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला बांधला, सोन्यामागून गुलामांचा व्यापार आला, मग डच, डेन, इंग्रज आले. आतल्या रानात असांत्यांचं राज्य उभं राहिलं. १८७४ साली इंग्रजांनी कुमासी लुटून जाळली, पुढे सगळा मुलूख गिळला आणि ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला. बाकी शाळेच्या पुस्तकात मिळेल.

पुस्तकात जे चार ओळींत मिळतं आणि कुमासीत दुपारभर ऐकायला मिळतं ते असं. सतराव्या शतकाच्या अखेरीस असांत्यांची ही सगळी छोटी छोटी संस्थानं देंकिरा राज्याची मांडलिक होती. ओसेई टुटू नावाच्या सरदारानं ती एकत्र केली आणि १७०१ साली फेयियासेच्या लढाईत देंकिराचा पराभव केला. त्याचा पुरोहित आणि सल्लागार ओकोम्फो अनोक्ये. या अनोक्येनं भर दरबारात आकाशातून काळ्या ढगातून सोन्याचं आसन उतरवलं आणि ते ओसेई टुटूच्या मांडीवर अलगद येऊन टेकलं, अशी कथा आहे. त्यानं सांगितलं की असांत्यांचा ‘सुन्सुम’, म्हणजे सबंध लोकांचा प्राण, या आसनात आहे. सरदारांचे आणि राण्यांचे केस, नखं घेऊन त्याचं औषध केलं, काही प्यायले, उरलेलं आसनाला लावलं.

कथा बाजूला ठेवून त्यातला हिशेब बघा. वेगवेगळ्या गावांचे, एकमेकांशी भांडणारे सरदार. त्यांना एका माणसापुढे वाकायला लावणं अवघड. एका आसनापुढे वाकायला लावणं त्या मानानं सोपं, कारण आसन कोणाचा भाऊबंद नसतं. अनोक्ये मला चमत्कारी पुरुषापेक्षा फार हुशार घटनाकार वाटतो.

या आसनावर राजा बसत नाही. नव्या असांतेहेनेला, म्हणजे असांत्यांच्या राजाला, धरून तीनदा त्यावर बसल्यासारखं करतात, अंग टेकू देत नाहीत. आसन जमिनीलाही टेकत नाही. त्याला बसायला स्वतःची वेगळी खुर्ची आहे आणि तिच्यावर ते आडवं असतं, आमच्या दिवाणखान्यातल्यासारखं! रामाच्या पादुका गादीवर ठेवून राज्य करणारा भरत आपल्या ओळखीचा आहे. पण तिथं राजा वनवासातून परत यायचा होता. इथं राजा समोर हजर असून जागा त्याची नाही.

आता गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन यांच्याकडे बघा. इंग्रजांनी १८९६ मध्ये असांतेहेने प्रेंपे यांना कैद केलं होतं. मार्च १९०० मध्ये हॉजसन कुमासीत आले आणि जमलेल्या सरदारांना त्यांनी विचारलं, ते सोन्याचं आसन कुठं आहे आणि या क्षणी मी त्यावर का बसलेलो नाही? सरदार काही न बोलता ऐकून घरी गेले आणि युद्धाची तयारी सुरू झाली. पुढारीपण केलं एजिसूच्या राजमाता याआ असांतेवा यांनी. कुमासीच्या किल्ल्याला वेढा पडला, हॉजसनना बायकोसकट निसटावं लागलं. शेवटी तोफा इंग्रजांच्या होत्या, त्यामुळे निकाल ठरलेलाच होता. पण आसन त्यांना सापडलं नाही. ते पुरून ठेवलं होतं. १९२१ साली रस्ता करणाऱ्या मजुरांच्या फावड्याला ते लागलं आणि काही चोरांनी त्यावरचं सोनं ओरबाडलं. असांत्यांनी चोरांना मृत्युदंड सुनावला, इंग्रजांनी तो हद्दपारीवर आणला. आसन आपल्याला नको, असंही सरकारनं जाहीर केलं. एवढी अक्कल यायला एकवीस वर्षं आणि एक युद्ध लागलं.

प्रेंपे यांना आधी एल्मिना, मग सिएरा लिओन आणि १९०० साली सेशेल्स बेटांवर नेऊन ठेवलं. तिथून ते १९२४ मध्ये परतले. याआ असांतेवांनाही तिकडेच धाडलं होतं. त्या १९२१ मध्ये तिथंच वारल्या. राजाला समुद्रापलीकडे नेऊन विसरायला लावायची ही रीत आपल्याला परकी नाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून बसवलं, १९१६ मध्ये तो तिथंच गेला. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं. थिबा पॅलेसच्या गच्चीवरून समुद्र बघताना मला नेहमी प्रेंपे आठवतात. बरोबरच्यांना मी हे सांगायचं आता सोडून दिलं आहे.

सातारा निघालाच आहे तर आणखी एक. २०२४ च्या मे महिन्यात कुमासीच्या मानहिया राजवाड्यातल्या संग्रहालयात १८७४ च्या लुटीतले आणि त्यानंतर गेलेले सोन्याचांदीचे ३२ जिन्नस आले. १५ ब्रिटिश म्युझियमचे, १७ व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचे. पण परत नव्हे, उसने! तीन वर्षांच्या कराराने. दोनच महिन्यांनी त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली. तीही तीन वर्षांसाठी उसनी. वाघनखं शिवाजी महाराजांचीच का, यावर आपल्याकडे वाद झाला. कुमासीला तो प्रश्नच नव्हता, कुणाच्या घरातून काय गेलं हे तिथं माहीत आहे. तरीही दोन्हीकडे कागद एकाच मासल्याचा.

हे सगळं जुनं झालं, आज त्याचं काय, असं कोणी विचारतं. आज बरंच आहे. घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेत सरदारकीवर स्वतंत्र प्रकरण आहे. सरदारांनी पक्षीय राजकारणात उतरायचं नाही, हा त्यातला नियम. आणि देशातली सुमारे ८० टक्के जमीन अजून परंपरेच्या ताब्यात, म्हणजे सरदार, कुळं आणि भूमिपुरोहित यांच्याकडे आहे. कारखान्याला जागा हवी असेल तर मंत्र्याकडे जाण्याआधी गावच्या आसनाकडे जावं लागतं. मीही गेलो. सोबत श्नॅप्सची बाटली न्यायची असते, हॉलंडच्या व्यापाऱ्यांनी लावलेली सवय. सरदाराशी थेट बोलायचं नाही. ‘ओक्येआमे’ नावाचा प्रवक्ता असतो, त्याच्या हातातल्या काठीवर सोन्याच्या वर्खाची आकृती असते. आमच्या वेळच्या काठीवर मुठीत अंडं धरलेला हात होता. सत्ता घट्ट आवळली तर फुटते, सैल सोडली तर पडते. मी इंग्रजीत बोलायचो, सरदारसाहेबांना ते उत्तम कळत होतं (ते लंडनमध्ये अकाउंटंट होते), तरी ओक्येआमे सगळं पुन्हा सांगायचा. सुरुवातीला वैताग आला. मग लक्षात आलं, रागाचं वाक्य दोन तोंडांतून जाताना निवतं.

आणखी एक सोय. राजमाता उमेदवार सुचवते, वारसा आईकडून चालतो, म्हणून गादी मुलाला नाही, भावाला किंवा भाच्याला. आणि सरदार वाईट निघाला तर त्याला आसनावरून उतरवता येतं.

उत्तरेत मात्र आसन नाही, कातडं आहे. दक्षिणेत राजाला आसनावर बसवतात, उत्तरेत कातड्यावर. दागबोनच्या राजाला या-ना म्हणतात, त्याची राजधानी येंदी. तिथं एकोणिसाव्या शतकातल्या एका राजाच्या दोन मुलांपासून अबुडू आणि अंडानी अशी दोन घराणी झाली. गादी आळीपाळीनं मिळावी असा संकेत. संकेतच तो, लिहिलेला नाही. आणि पाळी कोणाची यावर भांडण. त्यात सरकारांनीही हात घातला. एक घराणं एका पक्षाचं, दुसरं दुसऱ्याचं, असं लोक उघड बोलतात. पक्षीय राजकारणात उतरू नका म्हणणारं कलम सरदारांसाठी आहे, पक्षांनी सरदारांच्या घरात शिरू नये असं कलम नाही. मार्च २००२ मध्ये येंदीत तीन दिवस गोळीबार चालला आणि २७ तारखेला या-ना याकुबू अंडानी दुसरे यांना त्यांच्याच राजवाड्यात मारलं, शिरच्छेद केला. त्यांच्याबरोबर सुमारे चाळीस माणसं गेली. गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला, आणीबाणी लागली, खटला चालला, आरोपी सुटले.

जे सरकारला जमलं नाही ते तीन राजांवर सोपवलं. असांतेहेने, मांप्रुगूचे नायिरी आणि गोंजाचे याग्बोनवुरा. सोळा वर्षं लागली. आधी दोन्ही घराण्यांच्या दोन मृत राजांचे राहिलेले अंत्यविधी व्हायला हवे होते. एक डिसेंबर २०१८ मध्ये झाला, दुसरा जानेवारी २०१९ मध्ये, आणि मग नवे या-ना कातड्यावर बसले. विधी आधी, राजकारण नंतर. न्यायालयाला हा क्रम सुचला नसता.

पण राजांना सगळंच जमतं असं समजू नका. ज्यांना राजाच नाही त्यांचं काय? कोंकोंबा हे रताळ्यापेक्षा मोठ्या याम कंदाचे पट्टीचे शेतकरी. अक्रातल्या यामच्या बाजाराला त्यांच्याच नावानं ओळखतात. त्यांच्यात पूर्वीपासून मोठा राजा नव्हता, म्हणून इंग्रजांच्या वहीत ते शेजारच्या राजांची रयत झाले. १९९३ मध्ये त्यांनी स्वतःचा सर्वोच्च सरदार मागितला. पुढच्या जानेवारीच्या शेवटच्या दिवशी एका गावच्या बाजारात एक कोंकोंबा आणि शेजारच्या नानुंबा जमातीचा एक अशा दोघांची गिनी फाउलच्या, आपण जिला चिताडी कोंबडी म्हणू तिच्या, भावावरून हमरीतुमरी झाली. एक मेला. त्या युद्धाला लोक ‘गिनी फाउलचं युद्ध’ म्हणतात. सरकारी आकडा २,००० मृतांचा आहे आणि तो कमी आहे असं त्या भागातले लोक सांगतात. कोंबडी निमित्त होती हे उघड आहे. जमीन ज्याची त्यालाच राजा, आणि राजा ज्याचा त्याचीच जमीन, अशी ती गाठ.

उत्तरेत कोंबडी फार मोठं काम करते. गांबागाला गेलो तेव्हा ते नीट कळलं.

गांबागा मांप्रुगूच्या मुलखात आहे. तिथं चेटकीण ठरवून गावाबाहेर काढलेल्या बायकांची वस्ती आहे. अशा वस्त्या उत्तरेत आणखीही आहेत. बहुतेक म्हाताऱ्या, विधवा. गांबागाचा सरदार, गांबाराना, कौल घेतो. कोंबडीची मान कापून ती सोडतात. तडफडत उताणी मेली तर बाई निर्दोष, पालथी मेली तर चेटकीण. मात्र चेटकीण ठरली तरी त्याच्या हद्दीत तिला कोणी हात लावत नाही, कारण इथं तिची शक्ती उतरवली जाते अशी श्रद्धा आहे. म्हणजे ज्या समजुतीनं हाकललं तीच आसरा देते. या वस्त्या बंद करा असं शहरातले लोक म्हणतात. बंद करून बायका पाठवायच्या कुठं? जुलै २०२० मध्ये काफाबा गावात नव्वद वर्षांच्या बाईला चेटकीण म्हणून भर लोकांत मारून टाकलं. देश हादरला, २०२३ मध्ये संसदेनं कायदा मंजूर केला, पण खासगी विधेयकातून तिजोरीवर बोजा पडतो अशी हरकत घेऊन तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी सही केली नाही. आपल्याकडेही जादूटोणाविरोधी कायदा डॉ. दाभोलकरांचा खून होईपर्यंत वर्षानुवर्षं लोंबकळत होताच, आणि नंदुरबारकडे बाईला डाकीण ठरवणं अजून पुरतं थांबलेलं नाही.

कुमासीत आसनात प्राण आहे म्हटल्यावर मी भारावून वहीत लिहून घेतलं. गांबागात बाई रात्री उडते म्हटल्यावर संतापलो. सांगणारी माणसं एकाच चेहऱ्याची, एकाच विश्वासानं सांगणारी. हे मला अजून नीट सोडवता आलेलं नाही.

वस्तीत एक आजी झोपडीच्या सावलीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. दुभाष्याकडून विचारलं, कशा आलात इथं? पुतण्याचा मुलगा तापानं गेला, मग तो पुतण्याच्या स्वप्नात आला आणि माझं नाव घेतलं, असं त्यांनी सांगितलं. मी विचारायला नको होतं, पण विचारलं. तुम्ही खरंच काही केलंत का? आजींनी हातातली शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले. म्हणाल्या, ‘कोंबडी पालथी पडली ना.’

निघताना त्यांनी ओंजळभर दाणे माझ्या हातावर ठेवले. गाडीत बसलो. ड्रायव्हर कुमासीचा, बारावी झालेला, दर रविवारी इस्त्रीच्या शर्टात चर्चला जाणारा. दहा मिनिटं तो काही बोलला नाही. मग आरशात बघून हळूच म्हणाला, ‘बॉस, ते दाणे खाऊ नका.’

मी हसलो. तमाले दीडशे किलोमीटर होतं, दुपार टळून गेली होती आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. दाणे मी खिशात ठेवले. हॉटेलवर पोचल्यावर ते बाहेर काढले, टेबलावर ठेवले आणि खाली जेवायला गेलो.